चार बर्थची गाडी

यंदाच्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अठरा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद अशी एक कॅराव्हॅन उभी होती. चार बर्थ, एक ओटा, एक सिंक, एक एवढुसा संडास. ती खडूने काढलेली होती आणि काढणारा मी होतो.

सगळ्यात आधी ती पाहिली आमच्या सेक्रेटरींनी. पाण्याच्या टाकीचा बॉल कॉक बघायला ते प्लंबरला घेऊन वर आले, तेव्हा मी उजवीकडच्या खालच्या बर्थवर उताणा पडलो होतो. हात पोटावर, डोळे मिटलेले. सहा फूट बाय दोन फूट खडूच्या चौकटीत पाच फूट आठ इंचाचा माणूस मावतो की नाही, ते बघत होतो. कूस वळली की कोपर रेषेच्या बाहेर जात होतं.

"अहो, उठा आधी," सेक्रेटरी म्हणाले. "समोरच्या बिल्डिंगमधून फोन आलाय. तुमच्या गच्चीवर कोणीतरी पडलंय आणि पोलिसांनी भोवती खडू मारलाय म्हणून."

मी उठून बसलो आणि गाडी समजावून सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, "पार्किंगचं काय? विदाऊट पार्किंग आपण एक सायकलपण अलाऊ करत नाही, तुम्हाला माहितीये."

"ती इथे येणार नाहीये हो. ही फक्त मापं आहेत."

"मापं ठीक आहेत," ते म्हणाले, आणि संडासाच्या भिंतीला वळसा घालून टाकीकडे गेले. तेवढी सभ्यता त्यांच्यात आहे.

खडूपर्यंत मी कसा पोचलो ते आता सांगतो.

मी स्टोअर्सचा माणूस. कोलशेतला एका कंपनीच्या गोदामात एकवीस वर्षं काढली. येणारा माल मोजायचा, चलानाशी ताडून बघायचा, मग सही करायची. जाणारा माल मोजायचा, मग सही करायची. न मोजता, न वाचता आजवर एकाही कागदावर सही केलेली नाही, असं मी नव्या पोरांना छाती काढून सांगत असे. आता सांगत नाही. का, ते पुढे येईल.

राहतो डोंबिवलीला, पूर्वेला, एकटा. चार वर्षांपूर्वी आमचा संसार समजुतीने मिटला. भांडण नाही, कोर्टात आरडाओरडा नाही; वकीलसुद्धा कंटाळला इतक्या समजुतीने. दोन मुली आईकडे राहतात, आणि गंमत अशी की त्यांचा टॉवर आहे कोलशेतलाच. आमच्या गोदामाच्या लोडिंगच्या उतारावर उभं राहिलं की तो दिसतो. सोळाव्या मजल्यावर, डावीकडून तिसरी गॅलरी. दोरीवर शाळेचे युनिफॉर्म असले की मला वार कळतो. सहा दिवस मी त्यांच्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असतो, आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने दीड तास लांब घरी येतो. भेट महिन्यातून दोन रविवारी, घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये, दोन तास.

कागदावर माझा आणखी एक हक्क होता. मे महिन्याच्या सुट्टीतले आठ दिवस मुली माझ्याकडे. चार वर्षांत तो मी एकदाही वापरला नाही. पहिल्या वर्षी घरात पंखा सोडून काहीच नव्हतं. दुसऱ्या वर्षी माझी आई आजारी होती, तिसऱ्या वर्षी ती गेली. चौथ्या वर्षी कारण नव्हतं. मी घाबरलो होतो. मॉलमध्ये दोन तास निभतात, तिथे जिने सरकतात, लोक येतात जातात. एका खोलीत आठ दिवस काय बोलायचं?

आता मोठी नववीतून दहावीत जाणार होती. दहावीनंतर अकरावी, मग बारावी, मग पुण्याला की आणखी कुठे. मला साधा हिशोब कळत होता. हे आठ दिवस गेले की मी आयुष्यभर रविवारचा माणूस राहणार. पाहुणा. चांगला पाहुणा, आईस्क्रीम देणारा, पण पाहुणाच.

म्हणून कॅराव्हॅन. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिलेला. कुठल्याशा परदेशातलं कुटुंब गाडीतच झोपतं, गाडीतच शिजवतं, एका उद्यानातून दुसऱ्या उद्यानात जातं. मुलं खिडकीत हनुवटी ठेवून हरणं बघतात. बाप हॅट घालून अंडी उलटतो. मला अंडी उलटता येतात. बाकीचं आपल्याकडेही मिळतं असं चौकशीअंती कळलं. गाडी भाड्याने देतात, बरोबर ड्रायव्हर देतात.

मी फोन केला. पलीकडच्या मुलाने विचारलं, "कितने लोग, सर? फॅमिली है?"

"फॅमिली," मी म्हणालो. हा शब्द तोंडातून बाहेर पडून बरेच दिवस झाले होते. मी तो जरा मोठ्यानेच म्हटला असावा.

"मग फोर बर्थ देतो, सर. टू बर्थ आहे नाहीतर फोर बर्थ."

"फोर," मी म्हणालो.

मग मुलींच्या आईला फोन केला. यंदाचे माझे आठ दिवस मी घेणार आहे, म्हणालो.

 ती म्हणाली, "चांगलंय. घे. पण तारखा मोठीला विचारून ठरव. तिचं टाइमटेबल तिलाच माहीत."

"सरप्राइज आहे."

"तुझं सरप्राइज राहू दे. तिला विचार."

या सगळ्यातलं फक्त 'घे' मी ऐकलं.

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला बरा महिना होता, हे मान्य करायला हवं. संध्याकाळी घरी यायचं, कुकर लावायचा आणि ट्रिपची फाइल उघडायची. स्टोअर्समध्ये आम्ही इंडेंट भरतो: काय हवं, किती नग, शेरा. तसा इंडेंट मी ट्रिपचा केला. त्र्याऐंशी वस्तू. 'टॉर्च, नग चार.' 'दोरी, सुती, वीस मीटर.' 'ओडोमॉस. शेरा: धाकटीला वास आवडत नाही का? चौकशी करणे.' चौकशी कुणाकडे करणार? फाइलमध्ये असे बरेच शेरे साठले. मोठी अजून दूध पिते का? धाकटीला अंधाराची भीती वाटते का, की ती मोठीला वाटायची? मोजायची सवय असलेल्या माणसाला आपल्याकडे काय नाही तेही नगांत कळतं.

मार्ग ठरवला. पहिला मुक्काम येऊर, मग तानसा, मग भंडारदरा, शेवटी नांदूरमध्यमेश्वर. भंडारदऱ्याला मे अखेरीस काजवे येतात, म्हणून तारीख मे अखेरची पक्की केली. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी हजारोंनी येतात. थंडीत. हे मला फार उशिरा, आमच्या कंपनीच्या वॉचमनने सांगितलं. तो तिकडचाच. "साहेब, मे महिन्यात तिथं फक्त म्हशी," तो म्हणाला. मी शेऱ्यात लिहिलं: 'म्हशी.'

आणि मग मापं घेऊन गच्चीवर गेलो.

एप्रिलमध्ये आमची गच्ची वाळवणाची असते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सकाळी सातला प्लास्टिक अंथरून कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस घालतात, आणि दिवसभर कावळ्यांशी तोंडाने भांडतात. माझी गाडी बरोबर त्यांच्या उन्हात आली होती. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण काकू कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या गाडीत जरा जागा आहे का हो? माझ्या पापड्या राहिल्यात."

मी वरचे दोन बर्थ त्यांना दिले. कागदावर ते वरचे होते. गच्चीवर सगळं जमिनीलाच होतं, म्हणून वरचे मी बाजूला काढले होते.

दोन दिवसांनी काकू म्हणाल्या, "एक विचारू? रागावू नका. गाडीला दार कुठाय?"

दार नव्हतं. पंधरा दिवस मी त्या गाडीत जात होतो, येत होतो, ओट्यापाशी उभा राहून चहाची तालीम करत होतो, दोन्ही बर्थच्या मधून पोटं एकमेकांना न लागता दोन माणसं जातील का ते एकटाच बघत होतो, एकदा हा माणूस होऊन, एकदा तो. आणि हे सगळं भिंतीतून. कुणी हाक मारून 'दार उघड' म्हणणारं नसलं की दाराची आठवण राहत नाही.

"राहिलं," मी म्हणालो.

"काढा मग," काकू म्हणाल्या. "पोरी खिडकीतून उड्या मारणारेत का?"

कुठल्या बाजूला काढायचं ते ठरेना, म्हणून तेव्हाही राहिलंच.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मुली मॉलऐवजी डोंबिवलीला आल्या. त्यांच्या आईने संध्याकाळी चारला गेटपाशी सोडलं आणि ती कल्याणला मैत्रिणीकडे गेली. साडेसातला न्यायला येणार. मी पायऱ्यांवरून त्यांना डोळे मिटायला सांगून वर नेलं. धाकटी आठ वर्षांची, तिने मिटले. मोठीने अर्धे मिटले.

"उघडा!"

धाकटी म्हणाली, "बाबा, हे लंगडीचं आहे?"

मी गाडी समजावली. मी चांगलं समजावतो. नव्या पोरांना आख्खं गोदाम अर्ध्या तासात समजावतो. हा ओटा, हा सिंक, हा संडास, इथे आपण, पुढे ड्रायव्हर, तो सीट मागे पाडून पुढेच झोपतो. धाकटीला दोन मिनिटांत सगळं कळलं. तिने चप्पल रेषेबाहेर काढली, ओट्यावर न दिसणारा गॅस पेटवला, आणि ओरडली, "ताई, तुझी ऑर्डर?"

"मॅगी," मोठी म्हणाली. तीही आत आली होती, उंच पाय टाकून, रेषा न पुसता.

"पहिला मुक्काम येऊर!" मी जाहीर केलं.

"येऊर आमच्या गॅलरीतून दिसतं, बाबा," मोठी म्हणाली. पण हसली. "कधी जायचंय?"

"चोवीस मे. आठ दिवस. मे अखेर काजवे असतात."

ती हसायची थांबली. "बाबा, माझी व्हेकेशन बॅच आहे."

ठाणे-डोंबिवलीत हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. नववीची परीक्षा संपते त्याच आठवड्यात दहावीचे क्लास सुरू होतात आणि सुट्टी खाऊन टाकतात. मला ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत मला सगळं ठाऊक असतं.

"मग आठ दिवस सुट्टी घे."

"शेवटच्या आठवड्यात रोज टेस्ट आहे. नाही गेले तर बॅच बदलतात."

"हे कोणी ठरवलं?" मी जरा आवाज चढवला. "पालकांना विचारायला नको?"

"विचारलेलं. फॉर्मवर होतं."

"कसल्या फॉर्मवर?"

तिने मोबाईल काढून फोटो शोधला आणि माझ्यासमोर धरला. टेंभी नाक्याच्या त्या क्लासचा फॉर्म. खाली उजव्या कोपऱ्यात शेजवान सॉसचा डाग. डागाशेजारी माझी सही. लफ्फेदार, खाली दोन टिंबं. आणि सहीच्या बरोब्बर वर ठळक अक्षरांत: 'वरील सर्व तारखा मी वाचल्या असून या काळात पाल्याला बाहेरगावी नेणार नाही.'

मला तो रविवार आठवला. फेब्रुवारीतला. मॉलच्या टेबलावर मोठीने फॉर्म पुढे केला होता, म्हणाली होती, "इथे वडिलांची सही लागते." चार वर्षांत शाळेच्या, डॉक्टरच्या, सहलीच्या सगळ्या कागदांवर आईची सही चालत आली होती. इथे वडिलांची लागत होती. मला इतका आनंद झाला की मी खिशातलं पेन काढलं, कंपनीचं नव्हे, चांगलं, आणि टेबलावरच्या सॉससकट सही ठोकली. एकवीस वर्षांत न वाचता केलेली पहिली सही.

"तेव्हा मी म्हटलेलं, 'वाच ना,'" मोठी म्हणाली. "तू म्हणालास, 'तुझ्यावर विश्वास आहे.'"

हे मी म्हणालो असणार. माझ्यासारखंच वाटतं.

धाकटी गॅस बंद करून आमच्याकडे बघत होती. "मग ताई नाही येणार? मग मी आणि बाबाच?" तिने थोडा विचार केला. "आठ दिवस?"

ती हे वाईट वाटावं म्हणून म्हणाली नव्हती. महिन्यातून चार तास ओळखीच्या माणसाबरोबर एकदम आठ दिवस. तिने आपलं गणित घातलं. मीही चार वर्षं तेच घालत होतो. फक्त मी ते तिच्याइतकं सरळ म्हटलं नव्हतं.

"छे गं," मी म्हणालो. "तिघं असलो तरच जायचं. दोघांसाठी ड्रायव्हर गाडी चालूच करत नाही. नियम आहे."

"खरंच?"

"कंपनीचा नियम."

मोठीने माझ्याकडे पाहिलं. ती माझ्या थापा ओळखते. त्या बाबतीत तिला माझं सगळं माहीत आहे.

काकूंनी खालून तळलेल्या पापड्या पाठवल्या होत्या. त्या आम्ही गाडीत बसून खाल्ल्या. वारा सुटला होता, खडू जरा जरा उडत होता. धाकटीने बर्थ वाटले. "ही माझी जागा, ही ताईची, ही बाबाची. ही कुणाची?"

"ड्रायव्हरची," मी म्हणालो.

"ड्रायव्हर पुढे झोपतो," मोठी म्हणाली. "आत्ताच सांगितलंस."

"अगं, तीन बर्थची गाडी मिळत नाही. दोन नाहीतर चार."

हे खरं होतं, आणि खरं बोलल्यावर मला नेहमीच सुटल्यासारखं वाटतं. धाकटी म्हणाली, "मग इथे माझी बॅग," आणि प्रश्न मिटला. पण तोवर मोठीने फाइल उघडली होती.

"टॉर्च चार," ती वाचायला लागली. "मग चार. चटया चार. टूथब्रश चार, बाबा? उशीचे अभ्रे चार. स्टीलच्या ताटल्या, नग चार." ती थांबली. "ड्रायव्हर स्वतःचा टूथब्रश आणेल ना?"

बर्थ तीन मिळत नाहीत. ताटल्या तीन मिळतात. टूथब्रश तर एकेक मिळतो. त्र्याऐंशी वस्तू मी एक महिना लिहीत होतो, विकत आणत होतो, रोज तपासत होतो, लाल पेनाने खुणा करत होतो. आणि चौथा नग कुणाचा, हे मला एकदाही दिसलं नव्हतं. हात लिहीत गेला. चार वर्षं चार लिहिलेला हात.

"स्पेअर," मी म्हणालो. आमच्याकडे या शब्दाला कुणी आक्षेप घेत नाही.

"हं," मोठी म्हणाली.

तिने कंपासमधली पेन्सिल काढली. दप्तर बरोबर होतं. सकाळी क्लास झाला होता. पहिल्या पानापासून सुरू करून तिने एकेका चारावर आडवी रेघ मारली आणि शेजारी तीन लिहिलं. घाई केली नाही. माझ्याकडे वर बघितलंही नाही. धाकटी मध्येच म्हणाली, "ताई, अभ्यास करतेस?" तर म्हणाली, "हो." मी पापडीचे तुकडे गोळा करत बसलो. दर पानाच्या उलटण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

शेवटच्या पानावर रिकाम्या जागेत तिने काहीतरी लिहिलं आणि फाइल माझ्याकडे दिली. "सही कर."

मी पेन काढलं.

"आधी वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. 'पुढच्या वर्षी, बोर्डाची परीक्षा झाल्यावर. माणसं तीन. ठिकाणं तिघांनी मिळून ठरवायची. तारीख आधी विचारायची. ज्या ठिकाणी नुसत्या म्हशी आहेत तिथे जायचं नाही.' पुन्हा वाचलं. चलान ताडतो तसं एकेका शब्दावर बोट ठेवून.

"एवढा वेळ?" धाकटी म्हणाली.

"वाचू दे त्याला," मोठी म्हणाली.

मी सही केली. टिंबं दिली नाहीत, का कोण जाणे.

साडेसातला खाली हॉर्न वाजला. मुली उठल्या. मोठी आली तशी रेषेवरून पाय टाकून बाहेर गेली. धाकटी मात्र ओट्याशेजारी अडली. "बाबा, दार कुठाय?"

"राहिलं."

तिने ओट्यापाशी पडलेला खडू घेतला, जिन्याच्या बाजूची रेषा तळव्याने पुसली आणि तिथे दार काढलं. वाकडं, तिच्या उंचीचं, कडी बाहेरून. मग बाहेर गेली, तोंडाने 'धाड' करून ते लावलं, आणि कडी घातली. मी आत होतो.

"अगं, मी आतच राहिलो की."

"मग राहा," ती म्हणाली, आणि पळत जिना उतरली.

मी गेटपर्यंत गेलो नाही. खालून दोघींचे आवाज आले, गाडीची दारं लागली, मग गाडी वळल्याचा आवाज. मी जरा वेळ तिथेच बसून राहिलो. मग चटया गुंडाळल्या आणि निघालो, भिंतीतूनच.

फोन करून गाडी रद्द केली. पलीकडचा मुलगा म्हणाला, "फॅमिली प्रोग्राम कॅन्सल, सर?" मी म्हणालो, "पुढे ढकललाय." त्याला काही फरक पडत नव्हता, तरी मी ते दोनदा सांगितलं.

चोवीस मेला मी कामावर होतो. दुपारी लोडिंगच्या उतारावर उभा राहून पाहिलं तर सोळाव्या मजल्यावर दोरीवर काहीच नव्हतं; सुट्टीत युनिफॉर्म नसतात. वार कळला नाही.

खडू आता बराचसा गेलाय. दाराची एक बाजू आणि कडी अजून दिसते. काकू कीस वळवायला गेल्या की तिथूनच आत जातात, सवयीने. तीन ताटल्या, तीन मग, तीन टॉर्च मी खोक्यात भरून माळ्यावर ठेवले आहेत, वर चिठ्ठी लावून. चौथी ताटली खोक्यात घालता येईना. ती मी रोजच्या जेवणाला काढली आहे.